शेवटचे वीस फूट: बोट काठाला लावताना नवशिक्याची होणारी फजिती

बोट चालवायला शिकणाऱ्याला मोकळ्या पाण्यात फारसा त्रास होत नाही. इंजिनाची दोरी ओढली, हँडल हातात आलं की तासाभरात पुढे जाणं आणि वळणं जमायला लागतं. खरी परीक्षा परतताना होते. काठ वीस फुटांवर आला की बोट भलतीकडेच वळते, धाडकन आपटते, नाहीतर काठाला लागता लागता पुन्हा पाण्यात सरकते. कुणी घाईने उडी मारतो आणि कमरेएवढ्या पाण्यात जातो. हे सगळं चारचौघांसमोर होतं, कारण माणसं उभी असतात ती काठावरच.

या चुका जवळजवळ प्रत्येक नवशिक्याकडून होतात. त्यात बावळटपणा नसतो. प्रत्येकीमागे ठरावीक कारण असतं. ते कळलं की निम्मी भीती जाते, आणि उरलेली सरावाने जाते.

परभणीत हा विषय कशाला?

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी मोठं आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्ण झालेलं येलदरी धरण आहे. त्याची साठवण क्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर, आणि पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र. सेलूकडे निम्न दुधना प्रकल्प आहे. गोदावरी तर पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी जिल्ह्याची दक्षिण बाजू धरून वाहते, आणि ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस इथल्या उच्च पातळी बंधाऱ्यांमुळे तिच्या पात्रात पावसाळ्यानंतरही लांबवर पाणी तुंबून राहतं. या पाण्यावर मासेमारी चालते. धरणाच्या फुगवट्यातून आणि नदीतून होडीने, प्रसंगी थर्माकोलच्या तराफ्यावरून ये-जा करणारी माणसं मराठवाड्यात अजून आहेत.

शिवाय पूर आहेच. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं, तेव्हा गोदाकाठच्या गावांना बोटींची वाट पाहावी लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याहून येते, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून. ती पोचेपर्यंतचे तास स्थानिक हातांनीच काढायचे असतात. तहसीलला किंवा नगरपालिकेला बोट मिळालेली असते, चार उत्साही तरुणांना ती चालवताही येते. पण गच्चीवर अडकलेल्या म्हातारीजवळ ती बोट नीट नेऊन थांबवता येते का, हा प्रश्न वेगळा आहे. माझ्या मते आपल्या जिल्ह्यात बोट शिकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आणखी एक गोष्ट. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर किंवा मांडव्याच्या जेटीवर बोट लावायला पक्की जागा असते, बाजूला जुने टायर टांगलेले असतात, दोर अडकवायला लोखंडी खुंट असतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यातलं काही नाही. असतो तो चिखलाचा उतार, घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या किंवा बाभळीचं खोड. त्यामुळे पुस्तकात दिलेली बोट लावण्याची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही, ती थोडी वाकवून घ्यावी लागते.

बोटीला ब्रेक नसतो

सगळ्यात जास्त होणारी चूक वेगाची. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याच्या पायाला सवय असते की दाबलं की थांबतं. बोटीचं इंजिन न्यूट्रलला टाकलं तरी ती पुढे सरकतच राहते. आठ-दहा माणसं, इंजिन आणि बोट मिळून वजन आठ-नऊशे किलोपर्यंत जातं. एवढं वजन चालण्याच्या वेगाने आलं तरी ते माणसाच्या हाताने किंवा पायाने थोपवता येत नाही. नवशिक्या नेमका तेच करायला जातो: भिंत जवळ आली की पाय पुढे करतो. बोट आणि दगड यांच्यात सापडलेला पाय मोडतो. हात-पाय बोटीच्या बाहेर काढायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवशीच अंगवळणी पडला पाहिजे. ढकलायचं असेल तर वल्ह्याने ढकलावं, तेही वल्ह्याचा दांडा छातीसमोर न धरता, अंगाच्या बाजूला धरून.

वेग मोडायचा तो रिव्हर्सने, पण रिव्हर्स हा शेवटचा आधार आहे. इंजिन ऐनवेळी बंद पडू शकतं, गिअर अडकू शकतो. म्हणून काठाकडे येताना आधी गॅस सोडावा, बोट स्वतःहून किती सरकते ते बघावं, आणि गरजेपुरता पुन्हा थोडा गॅस द्यावा. अनुभवी नावाडी शेवटच्या टप्प्यात इंजिन गिअरमध्ये टाकतो आणि काढतो, टाकतो आणि काढतो. मधल्या क्षणांत तो फक्त पाण्याकडे बघत असतो.

इथे एक अडचण लगेच येते. बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या बोटीला, ज्याला बचाव पथकातली मंडळी ओबीएम म्हणतात, वेगळं सुकाणू नसतं. पंखा पाणी ढकलतो त्या दिशेवरच वळणं अवलंबून असतं. पंखा थांबला की हँडल कितीही फिरवा, बोट जवळजवळ ऐकत नाही. घाबरून पूर्ण गॅस सोडला की ताबाही सुटतो, हे नवशिक्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं. वेग कमी हवा आणि ताबाही हवा, म्हणून गॅसचे छोटे छोटे झटके द्यायचे.

हँडल डावीकडे, बोट उजवीकडे

इंजिनाचं हँडल डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे वळते. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, तसंच हे. ज्याने उसाची ट्रॉली कारखान्यावर मागे लावली आहे, त्याच्या हाताला हे लवकर कळतं. मोकळ्या पाण्यात चूक झाली तरी सुधारायला जागा असते. काठाजवळ मात्र गोंधळून हँडल उलट दिशेला गेलं की बोट नेमकी जिथे आपटायला नको तिथेच जाते.

दुसरी बाब याहून कमी लक्षात येते. गाडीची पुढची चाकं वळतात आणि मागची त्यांच्यामागून येतात. बोट तशी वळत नाही. ती स्वतःच्या पुढच्या भागातल्या एका बिंदूभोवती फिरते, आणि तोंड एका बाजूला गेलं की मागची बाजू उलट दिशेला फेकली जाते. काठाला समांतर येऊन लागलेली बोट बाहेर काढताना नवशिक्या तोंड पाण्याकडे वळवतो आणि पुढे जायचा गॅस देतो. मागची बाजू काठावर घासते, कधी पंखाच दगडावर बसतो. बरोबर रीत अशी, की आधी वल्ह्याने बोट सरळ बाहेर लोटावी किंवा रिव्हर्सने मागे घ्यावी, आणि मोकळी जागा झाल्यावरच वळावं.

घाट किंवा भिंत असेल आणि बोट आडवी लावायची असेल, तर साधारण तीस अंशांच्या तिरक्या रेषेत यावं. तोंड काठापासून हातभर राहिलं की ते किंचित बाहेर वळवावं. मग हँडल काठापासून दूर ढकलून रिव्हर्सचा एक छोटा झटका द्यावा. पंखा मागची बाजू काठाकडे खेचतो आणि बोट अलगद आडवी येऊन टेकते. हे एकदा जमलं की पुन्हा पुन्हा करून बघावंसं वाटतं.

वारा आणि प्रवाह

काठाकडे वळण्याआधी अर्धं मिनिट थांबून वारा कुठून येतोय आणि पाणी कुठे चाललंय हे बघायचं असतं. नवशिक्या हे अर्धं मिनिट वाचवतो आणि पुढची दहा मिनिटं धडपडत बसतो.

वाहत्या पाण्यात नियम एकच आहे: तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला. गंगाखेडला गोदावरीत बोट काठाला आणायची असेल तर हवी ती जागा ओलांडून खाली जावं, वळावं, आणि वरच्या बाजूला तोंड करून हळूहळू यावं. समोरून येणारं पाणी तुमचा वेग खातं. इंजिन चालू, पंखा फिरतोय, ताबा पूर्ण, आणि तरी काठाच्या हिशेबाने बोट जवळजवळ उभी. पाण्याबरोबर खाली येत काठाला लागायला गेलात तर उलटं होतं: बोटीचा वेग आणि पाण्याचा वेग यांची बेरीज होते. तोंड काठाला टेकलं की प्रवाह मागची बाजू धरून गरकन फिरवतो, बोट प्रवाहाला आडवी होते, आणि भरलेली असेल तर कलंडते.

तलावात प्रवाह नसतो, पण वारा असतो. येलदरीच्या फुगवट्यावर वाऱ्याला अडवायला काही नाही. रबरी बोट हलकी आणि पाण्याच्या वर जास्त उंच असते, त्यामुळे तिचं तोंड वारा सहज ढकलतो. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर बोट लागता लागता मागे सरते. अशा वेळी जरा जास्त काटकोनात, थोडा जास्त गॅस ठेवून यावं आणि तोंडाकडचा दोर आधी काठावर जाऊ द्यावा. वारा पाण्याकडून काठाकडे असेल तर उलट जपून यावं, कारण तो तुम्हाला हवं त्यापेक्षा जोरात काठावर नेतो, आणि मागून येणाऱ्या लाटा बोटीत पाणी टाकतात.

वाऱ्याला हलकं घेऊ नये. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती रोजच्या वाटेवरची बोट होती. उन्हाळ्यात दुपारनंतर क्षितिजावर काळं दिसायला लागलं की जवळचा कुठलाही काठ गाठावा. ठरलेल्याच जागी लावायचा हट्ट धरू नये.

येलदरीचा काठ

येलदरीवर सकाळी मासे घेऊन येणारा माणूस काठाला कसा लागतो, हे एकदा लक्ष देऊन बघावं. त्याच्याकडे इंजिन नसतं. काठ बराच लांब असतानाच तो वल्हं मारायचं थांबवतो. होडी तिच्या आधीच्या वेगाने सरकत राहते. तो लांब बांबू उचलतो, पाण्यात टाकतो आणि तळ चाचपतो. बांबू किती आत जातो आणि वर येताना टोकाला काय लागतं, यावरून खाली गाळ आहे की मुरूम हे त्याला समजतं. गाळ असेल तर दोन हात सरकून दुसरी जागा धरतो. मग होडीचं तोंड मुरमावर सावकाश बसतं, तो बसल्या जागेवरून पुढे येतो, दोर हातात घेऊनच उतरतो आणि लगेच दोर खुंट्याला गुंडाळतो. या सगळ्यात कुठेही झटका नसतो.

या बांबूचं महत्त्व आपल्याच भागात जास्त. आपली काळी माती ओली झाली की काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. धरणाचं पाणी उतरत जातं तसा उघडा पडलेला काठ वरून वाळतो, भेगा पडतात, पक्का दिसतो. वर पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. बोटीतून उतरणारा माणूस तिथे अडकला, वर बोटीचा धक्का बसला, की तो तोंडावर पडतो. नवशिक्याच्या फजितीचा हा आपल्याकडचा खास प्रकार म्हणता येईल. उतरण्याआधी वल्ह्याने माती दाबून बघणं एवढाच उपाय आहे.

मग खडकाळ जागा बरी का? फायबरच्या किंवा पत्र्याच्या होडीला चालते. रबरी बोटीला काळ्या दगडाची धार चिरते. तिच्यासाठी मुरमाचा किंवा गवताचा सावकाश उतार शोधावा. आणि घाट असेल तर पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या आठवून यावं, कारण त्या वरून दिसत नाहीत आणि पंखा नेमका त्यांच्यावर बसतो.

दोर

बोट लावताना होणारे निम्मे घोटाळे दोराचे असतात. दोर बोटीच्या तळाशी सामानाखाली गुंतलेला, बोट काठापासून पाच फुटांवर, आणि सगळे दोर शोधतायत. निघतानाच दोर गुंडाळून तोंडाशी ठेवलेला असावा, त्याचं एक टोक बोटीला पक्कं बांधलेलं असावं. तोंडाकडचा दोर इतका लांब नसावा की पाण्यात पडला तर मागच्या पंख्यापर्यंत पोचेल. दोर हाताला कधीही गुंडाळून धरू नये. बोट अचानक ओढली गेली तर बोटं जातात.

काठावरचा मदतनीस हाही मोठा प्रश्न आहे. दोर हातात पडला की तो जोर लावून ओढतो, कारण मदत करायची म्हणजे ओढायचं असंच त्याला वाटतं. त्याने तोंड ओढलं की मागची बाजू बाहेर फिरते आणि चालवणाऱ्याने जुळवून आणलेलं सगळं मोडतं. दोर फेकण्याआधीच ओरडून सांगावं: ओढू नका, नुसता खुंट्याला एक वेढा द्या.

बांधतानाही घाई नको. धरणाचं पाणी रोज एका पातळीवर राहत नाही. वीजनिर्मितीसाठी, कालव्यासाठी पाणी सोडलं की ते उतरतं. आखूड दोराने कसून बांधलेली बोट सकाळी काठावर तिरकी लटकलेली किंवा गाळात रुतलेली सापडते. नदीत उलट होतं. वरून पाणी सोडलं, पातळी चढली, की आखूड दोर बोटीचं तोंड खाली ओढून धरतो आणि ती तिथेच भरते. पाणी चढतं-उतरतं तिथे दोराला ढील ठेवावी, आणि रात्रभर ठेवायची असेल तर बोट काठावर ओढून घेणंच बरं.

उतरण्याची घाई

काठ आला की सगळे एकदम उठतात. एसटी स्टँडात शिरली की आपण उठतो, ती सवय इथेही येते. बोटीत उभ्या माणसांमुळे वजन वर जातं, आणि सगळे काठाच्या बाजूला झुकले की ती बाजू पाण्याला टेकते. बोट लागली, दोर बांधला, इंजिन बंद झालं, हे चालवणाऱ्याने मोठ्याने सांगेपर्यंत कुणी उठायचं नाही. मग एकेकाने, मधून चालत, वाकून, पुढच्या बाजूने उतरायचं.

एक पाय बोटीत आणि एक काठावर, अशी अवस्था सगळ्यांनी पाहिलेली असते. काठावर टेकवलेल्या पायावर जोर दिला की मागचा पाय बोटीला मागे ढकलतो, अंतर वाढतं आणि माणूस मधोमध पाण्यात. बोट दोराने धरलेली नसताना उतरणं हेच त्याचं कारण. उडी तर मुळीच मारू नये. उडी मारणारा पोचतो किंवा पोचत नाही, पण त्याच्या धक्क्याने बोट आणि तिच्यातली माणसं हमखास मागे जातात.

लाईफ जॅकेट काठ दिसताच सोडायची सवयही अशीच घातक. बोटीत चढताना आणि उतरतानाच माणसं सर्वांत जास्त पडतात, आणि जुन्या नदीपात्राच्या कडेला काठापासून दोन पावलांवर डोक्यावरून पाणी असू शकतं. जॅकेट काढायचं ते कोरड्या जमिनीवर दोन्ही पाय टेकल्यावर.

पंखा

इंजिनाचा पंखा पाण्याच्या दीड-दोन फूट खाली फिरत असतो. उथळ पाण्यात तो आधी गाळ उडवतो. गाळ थंड पाणी घेणाऱ्या छिद्रांत जातो, इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार थांबते, आणि इंजिन तापून बंद पडतं. चालवणाऱ्याने अधूनमधून मागे वळून ती धार बघण्याची सवय लावून घ्यावी. मातीच्या काठाला लागताना थोडं आधीच इंजिन बंद करून वर उचलावं आणि शेवटचं अंतर वल्ह्याने कापावं.

जाळ्यांचं भान हवं. मासेमारांच्या जाळ्यांना थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगायला बांधलेल्या असतात. पाण्यावर बाटल्यांची रांग दिसली तर ती कचरा समजून ओलांडू नये. पंखा अडकतो, आणि ज्याचं जाळं फाटतं त्याचा दिवस जातो. जलपर्णीतही तेच: आत घुसण्याऐवजी वळसा घालावा. पंख्यात काही अडकलं तर आधी इंजिन पूर्ण बंद करावं, चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली लाल दोरी काढून ठेवावी, आणि मगच हात घालावा. ही लाल दोरी, म्हणजे किल स्विच, चालवणारा पाण्यात पडला की इंजिन बंद करते. ती हँडललाच लोंबकळत ठेवणारे पुष्कळ दिसतात. तसं ठेवलं तर तिचा उपयोग शून्य.

लोक बघत असतात

वर सांगितलेल्या चुका आणखी वाढतात त्या लाजेने. पहिला प्रयत्न फसला की काठावर कुणीतरी हसतं, कुणी सूचना द्यायला लागतं. चालवणाऱ्याला ते लवकर संपवायचं असतं, म्हणून तो वाकडी आलेली बोट तशीच गॅस वाढवून काठाला भिडवतो. नुकसान या दुसऱ्या झटक्यात होतं.

रेषा चुकली की बोट मागे घ्यावी, पुन्हा मोकळ्या पाण्यात जावं आणि नव्याने यावं. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या दोन दिवसांच्या पॉवरबोट लेव्हल २ अभ्यासक्रमात बोट लावणं हा मुख्य धडा आहे, आणि हे पुन्हा-पुन्हा येणं तिथे सरावाचाच भाग असतं. आपल्याकडे मात्र फेरा मारणाऱ्याला ‘जमत नाही’ म्हणतात. हे बदलायला हवं. जो दुसऱ्यांदा फेरा मारून सावकाश येतो त्याच्या बोटीत मी माझ्या घरच्यांना बसवेन.

पुराच्या पाण्यात

पुरात काठ म्हणजे घराची भिंत, देवळाचा ओटा, पुलाचा चढ, कधी गच्चीचा कठडा. पाण्याखाली कुंपणाच्या तारा, बाभळी, विजेचे खांब असतात. इथे पंख्यात फांदी किंवा कपडा अडकला, माणसं एका बाजूला धावली, तोंड प्रवाहाच्या दिशेला राहिलं, तर सुधारायला वेळ नसतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून तीन जवान गेले. ती प्रशिक्षित माणसं होती. वाहतं पाणी असं असतं.

म्हणून अडकलेल्या माणसांजवळ जाताना बोट आधी काही अंतरावर थांबवावी, इंजिन चालू ठेवून, तोंड प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला. तिथूनच बोलावं: किती जण आहात, कोण आजारी आहे, पहिल्या खेपेला कोण येणार, पुढची खेप नक्की येणार आहे. माणसं शांत झाली की खालच्या बाजूने वर चढत भिंतीला लागावं, एकाने दोर धरावा, माणसं चढताना इंजिन न्यूट्रलला ठेवावं. आज्ञा एकाचीच चालावी. बोटीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये, कितीही गयावया झाली तरी.

शिकायचं कुठे, सराव कसा

गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालतात. गोदावरीवरच वर नाशिकला, गंगापूर धरणावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. तिथल्या चालकांना बोट लावताना नुसतं बघितलं तरी बरंच कळतं. अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आहे. नोंदणी, सुरक्षासाधनं आणि चालकाची पात्रता या गोष्टी त्यात येतात. व्यावसायिक बोट चालवायची असेल तर तो आधी समजून घ्यावा.

पण आपल्या तालुक्यापुरता सराव इथेच करता येतो. पावसाळा संपल्यावर, हिवाळ्याच्या शांत सकाळी, भरलेल्या तलावावर. सोबत एक अनुभवी नावाडी, प्रत्येकाच्या अंगावर लाईफ जॅकेट. काठावर नाही तर पाण्यातच दोन रिकामे डबे दोराने दगडाला बांधून तरंगत ठेवावेत आणि बोट त्यांच्या मधोमध, डब्याला न लागता, आणून थांबवावी. डब्याला धक्का बसला तर काही मोडत नाही. हे जमलं की वाऱ्याच्या दिशेने, मग वाऱ्याविरुद्ध, मग माणसं भरून. त्यानंतर इंजिन बंद ठेवून फक्त वल्ह्यांनी, कारण ज्या दिवशी इंजिन दगा देईल त्या दिवशी तेवढंच हाताशी असणार आहे. आणि या सरावात मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. पाण्याचा तळ त्यांच्याइतका कुणाला माहीत नाही.

गोदाकाठच्या आणि पूर्णाकाठच्या ग्रामपंचायतींना एक विनंती आहे. मे महिन्यात, पाणी सर्वांत कमी असताना, गावाच्या काठावर बोट लावण्याच्या दोन जागा ठरवा: एक नेहमीच्या पाण्यासाठी, एक पुराच्या पातळीसाठी. तिथल्या बाभळी आणि तारा काढा, मुरूम टाका, दगडात लोखंडी कडी बसवा आणि जागेवर मोठ्या अक्षरांत पाटी लावा. खर्च फार नाही, आणि जूनच्या आत होण्यासारखं काम आहे.